गोळी ठोकळ्यात रुतते तेव्हा ऊर्जेचं समीकरण थेट का लावता येत नाही?

तुमचा प्रश्न असा: दोरीला टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी येऊन रुतते आणि ठोकळा झोका घेऊन वर जातो. ऊर्जा अक्षय्य आहे, तर गोळीची गतिज ऊर्जा वरच्या स्थितिज ऊर्जेबरोबर मांडली की उंची मिळायला हवी. मग मध्येच संवेग (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) कशाला?

आधी आकडे टाकून बघा. गोळी १० ग्रॅम, वेग सेकंदाला ४०० मीटर, ठोकळा गोळीसकट २ किलो. गोळीची गतिज ऊर्जा झाली ८०० ज्यूल. तुमच्या समीकरणाप्रमाणे ठोकळा जवळजवळ ४१ मीटर वर जायला हवा, म्हणजे तेराव्या मजल्याच्याही वर! आता संवेगाने करू. ०.०१ गुणिले ४०० म्हणजे ४ एकक. तेवढाच संवेग २ किलोच्या जोडगोळीला मिळतो, म्हणून तिचा वेग सेकंदाला २ मीटर. ऊर्जा उरली ४ ज्यूल, उंची साधारण २० सेंटिमीटर. हे पटण्यासारखं आहे.

उरलेले ७९६ ज्यूल लाकूड फाडण्यात, गोळी चेपण्यात, थोडे आवाजात आणि शेवटी बहुतेक सगळे उष्णतेत गेले. ही उष्णता दोन किलो लाकडात सारखी पसरली तर तापमान पाव अंशाच्या आसपास वाढेल. हात लावून कळणारही नाही, म्हणून ऊर्जा गायब झाल्यासारखी वाटते.

खरी गंमत पुढे आहे, आणि क्लासमध्ये ती सहसा कुणी सांगत नाही. ऊर्जा अशी लपू शकते, तर संवेग का लपत नाही? कारण संवेगाला दिशा असते. उष्णता म्हणजे रेणूंची वाटेल त्या दिशेने चाललेली धडपड. प्रत्येक रेणूची गतिज ऊर्जा धनच, त्यामुळे ती साठत जाते. पण एकाचा संवेग डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, बेरीज शून्य. आठवडी बाजारात माणसं दिवसभर इकडून तिकडे फिरतात, बाजार मात्र जागचा हलत नाही, तसं. ठोकळ्याच्या आत कितीही उलथापालथ होवो, एकूण संवेग त्याच्या सरळ पुढे जाण्यातच दिसणार.

बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफखान्यावरच्या आपल्या पुस्तकात याच लंबकाने गोळीचा वेग काढून दाखवला. उष्णता हा ऊर्जेचाच प्रकार, हे जेम्स ज्यूल या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून ठरायला आणखी शंभरेक वर्षं होती. तरी रॉबिन्सचं काम अडलं नाही, कारण टक्करीत ऊर्जा कुठे गेली हे माहीत असण्याची त्याला गरजच नव्हती.

मग सगळीकडे संवेगच का नको? कारण वर जाताना दोरीचा ताण आणि गुरुत्वाकर्षण ही बाहेरची बलं ठोकळ्याचा संवेग बदलत राहतात, आणि अगदी वर तर संवेग शून्य होतो. टक्करीच्या वेळी ही अडचण नसते. गोळी १० सेंटिमीटर आत जाऊन थांबली असं धरलं तर त्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो. तेवढ्यात ठोकळा अर्धा मिलिमीटर सरकतो, दोरी उभीच असते, आडव्या दिशेने बाहेरचं बल जवळजवळ नाहीच. म्हणून टक्करीपुरता संवेग, झोक्यापुरती ऊर्जा. (हवेचा रोध अर्थातच सोडून दिलाय.)

सीईटीत हेच गणित जरा वळवून विचारतात: गोळी रुतली नाही, आरपार जाऊन १०० च्या वेगाने बाहेर पडली. वरचेच आकडे घ्या, गोळी वजा जाता ठोकळा १.९९ किलो. उंची साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास आली पाहिजे. नाही आली तर तुमची आकडेमोड इथे टाका, बघतो.