वाचकांचे प्रश्न : लाभ माणशी की घरटी?

गेल्या काही महिन्यांत सरकारी योजनांविषयी जी पत्रे आली, त्यांतील बरीच मोठ्या कुटुंबांतून आलेली आहेत. त्यांतील चार प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. योजना बदलली की वर्तमानपत्रांत रकमेची चर्चा होते. परंतु ती रक्कम माणशी मोजायची, घरटी मोजायची की ठरावीक अपत्यापर्यंतच मोजायची, याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि मोठ्या घराला बसणारा फटका बहुधा तिथेच दडलेला असतो.

प्रश्न : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या एकत्र कुटुंबात नऊ माणसे असून आमचे रेशनकार्ड अंत्योदयचे आहे. कोविडच्या काळात आम्हाला भरपूर तांदूळ मिळत होता. आता महिन्याला ३५ किलोच मिळतो. शेजारच्या घरातही नऊच माणसे आहेत, त्यांचे कार्ड प्राधान्य गटाचे आहे आणि त्यांना मात्र ४५ किलो मिळतो. आम्ही त्यांच्याहून गरीब म्हणून अंत्योदयमध्ये आहोत ना? मग दुकानदार आमचे धान्य कापतो आहे असे समजावे काय?

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून दुकानदाराने काही कापलेले दिसत नाही. ही विषमता कायद्यातच आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य गटाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते, तर अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असोत, घरटी ३५ किलो मिळते. सात माणसांच्या घरात दोन्ही हिशेब सारखे येतात. त्याहून लहान घराला अंत्योदय कार्ड फायद्याचे ठरते आणि आठवे माणूस आले की तेच कार्ड तोट्याचे होते. अंत्योदय योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली ती गरिबांतील अतिगरिबांसाठी. अशा घरांत खाणारी तोंडे अनेकदा अधिक असतात, हे लक्षात घेता घरटी मोजणी मला अन्यायकारक वाटते.

कोविडच्या काळात जे घडले त्याचा हिशेब मांडून पाहावा. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेतून नेहमीच्या धान्याखेरीज माणशी ५ किलो धान्य मोफत दिले जाई आणि ते अंत्योदय कार्डधारकांनाही माणशीच मिळे. म्हणजे ज्या महिन्यांत ती योजना चालू होती, त्या महिन्यांत आपल्या घराचा हक्क ३५ आणि ४५ मिळून ८० किलोंचा होता. डिसेंबर २०२२ अखेर हे वाढीव धान्य बंद झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून नेहमीचे ३५ किलो मोफत झाले. तांदळाचा पूर्वीचा दर किलोला ३ रुपये होता, तेव्हा ३५ किलोंमागे आपले १०५ रुपये वाचले आणि त्याच वेळी ४५ किलो तांदूळ गेला. दोन माणसांच्या अंत्योदय कुटुंबाचेही १०५ रुपयेच वाचले, पण त्यांचा तांदूळ गेला तो अवघा १० किलो. ‘धान्य आता मोफत’ ही बातमी खरीच होती; परंतु आपल्यासारख्या घरात ती आनंदाने का वाचली गेली नसेल, हे या हिशेबावरून कळते. मोफत धान्याची मुदत १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे, मात्र मोजणीची पद्धत तीच राहिली आहे.

घरात खरोखरच दोन चुली झाल्या असतील, तर दुसऱ्या कार्डासाठी नागरी पुरवठा खात्याच्या तालुका कार्यालयात अर्ज करावा. मात्र नवे कार्ड अंत्योदयचेच मिळेल किंवा लगेच मिळेल असे गृहीत धरू नये, कारण या कायद्याखालील लाभार्थींची राज्यवार मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली असून गोव्याच्या वाट्याला सुमारे ५.३२ लाख माणसे आलेली आहेत. चूल एकच असताना केवळ तांदळासाठी कागदावर घर वेगळे करू नये. खोटी माहिती उघड झाली तर असलेले कार्डही रद्द होऊ शकते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला. तो स्विंडनला एका गोदामात नोकरी करतो. त्याला तीन मुले असून तिसरे २०१९ मध्ये झाले. वयनी सांगते की तिसऱ्या मुलाचे पैसे सरकार देत नाही. भाऊ म्हणतो की थोडे मिळतात. आता नियम बदलला असे इकडे म्हापशात ऐकले. नक्की खरे काय?

उत्तर : आपला भाऊ आणि वयनी दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, कारण तेथे मुलांसाठी दोन वेगवेगळ्या रकमा मिळतात. पहिली ‘चाइल्ड बेनिफिट’. तिला अपत्यसंख्येची मर्यादा कधीच नव्हती. २०२५-२६ मध्ये ती थोरल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि त्यापुढील प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड होती. भावाला मिळणारे ‘थोडे’ पैसे बहुधा हेच असावेत. दुसरी रक्कम ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या मदतीत मुलांमागे मिळते. दुसऱ्या मुलासाठी ती २०२५-२६ मध्ये महिन्याला २९२.८१ पौंडांपर्यंत होती. वयनी म्हणते ती बंदी या रकमेवर होती.

अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जुलै २०१५ मध्ये ही बंदी जाहीर केली आणि ६ एप्रिल २०१७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या व पुढील अपत्यांना ती लागू झाली. जुळे, दत्तक मूल, नातेवाइकाचे सांभाळायला घेतलेले मूल आणि बलात्कारातून झालेले मूल अशा मोजक्याच प्रसंगी सूट होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने नियम वैध ठरवला. एका मुलामागे वर्षाला सुमारे ३,५०० पौंड बुडत होते. सरकारी मदत घेणाऱ्यांनीही, स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या कुटुंबांप्रमाणे, परवडेल का याचा विचार करूनच मूल होऊ द्यावे, अशी त्यामागची भूमिका होती. ही भूमिका मला पटत नाही. बाधित कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक घरांत आपल्या भावासारखे कोणीतरी कमावते होतेच. शिवाय पुढे झालेल्या अभ्यासांत जन्मदरावर फारच अल्प परिणाम दिसला, म्हणजे मुले जन्माला आलीच आणि त्यांच्या वाट्याला फक्त तंगी आली. घरात आपण तिसरे जन्मलो, यात त्या लेकराचा काय दोष?

आपण ऐकलेली बातमी बरोबर आहे. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी २६ नोव्हेंबर २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा केली. भावाला तीन गोष्टी कळवाव्यात. तिसऱ्या मुलाचे नाव युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात नोंदवलेले आहे का, हे त्याने प्रथम पाहावे. पैसे मिळणारच नाहीत म्हणून ते कळवायचे राहून गेले असेल, तर विलंब करू नये. दुसरे म्हणजे एकूण मदतीवरची कमाल मर्यादा उठलेली नाही. लंडनबाहेरच्या कुटुंबाला ती २०२३ पासून वर्षाला २२,०२० पौंड आहे आणि घरभाड्याची मदतही त्यातच धरली जाते, त्यामुळे काही मोठ्या घरांत एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाईल. घरातील कमाई ठरावीक रकमेच्या वर असेल, तर मात्र ही मर्यादा लागत नाही; २०२५-२६ मध्ये ती रक्कम महिन्याला ८४६ पौंड होती, आणि पूर्णवेळ नोकरी असलेल्या आपल्या भावाला याची चिंता नसावी. तिसरी गोष्ट रहिवासाच्या दर्जाची. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, ‘सेटल्ड’ म्हणजे कायम रहिवासाचा दर्जा मिळालेल्यांना या मदतीचा हक्क सरळ आहे. ‘प्री-सेटल्ड’ म्हणजे तात्पुरता दर्जा असलेल्यांना नोकरी किंवा तत्सम आधार दाखवावा लागतो, म्हणून पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

प्रश्न : पेडण्यातील आमच्या घरात आठ माणसे एका दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डावर आहेत. विम्याची रक्कम माणसागणिक वाढते का?

उत्तर : नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या गोवा सरकारच्या या योजनेत तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख रुपये आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला ४ लाख रुपये अशा दोनच पायऱ्या आहेत. चौघांचे घर आणि आठ जणांचे घर एकाच पायरीवर येते. केंद्राच्या जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत तर घरातील पाचच माणसांना जागा होती. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने सदस्यसंख्येची ही अट काढली ही मोठीच सुधारणा होय. मात्र तिचे ५ लाख रुपयेही सर्वांत मिळूनच आहेत. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी आयुष्मानचे वेगळे ५ लाख रुपये मिळू शकतात. ते कार्ड अवश्य काढावे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या आजारपणात मुलांच्या वाट्याचे संरक्षण संपणार नाही.

प्रश्न : केपे येथील माझ्या सुनेला पहिला मुलगा असून आता मुलगी झाली आहे. मातृ वंदना योजनेचे पैसे दुसऱ्या खेपेला मिळतात का? माझ्या धाकट्या जावेच्या सुनेला तिसरे मूल व्हायचे आहे; तिला काय मिळेल?

उत्तर : आपल्या सुनेला मिळू शकतील. पंतप्रधान मातृ वंदना योजना २०१७ मध्ये आली तेव्हा पहिल्या अपत्यापुरतीच होती. एप्रिल २०२२ पासूनच्या सुधारित योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास एकरकमी ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी मुलीच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत अंगणवाडीतून अर्ज भरावा. पात्रतेचा पुरावा म्हणून अन्न सुरक्षा कायद्याखालील रेशनकार्ड चालते. दुसरा मुलगाच झाला असता, तर मात्र काहीही मिळाले नसते.

जावेच्या सुनेला तिसऱ्या बाळंतपणासाठी या योजनेतून लाभ नाही. येथे एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. ज्या अन्न सुरक्षा कायद्याच्या आधाराने ही योजना चालते, त्याच्या चौथ्या कलमात सरकारी नोकरीतील किंवा अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिलेला आहे आणि त्यात कितवे अपत्य याचा उल्लेखही नाही. कायद्याने दिलेला हक्क योजनेने आखडता घेतला, तो तिसऱ्या खेपेच्या बाईला, म्हणजे जिच्या अंगावर घरकामाचा आणि मुलांचा भार सर्वांत अधिक असतो तिला नाकारून. तिचे कुटुंब दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीतील असेल, तर जननी सुरक्षा योजनेतून सरकारी रुग्णालयातील बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० रुपये आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. तेथील अपत्यसंख्येची अट २०१३ मध्ये काढून टाकली आहे. शिवाय गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीतून मिळणारा पोषण आहारही कितव्याही खेपेला मिळतो. तिचे नाव आजच अंगणवाडीत नोंदवावे.