काल चार जणांनी बघितलं, मॅडम

"साइट काढून वर्ष झालं, कुणी फिरकत नाही. बंद करून टाकू का?" हौसेने चित्रं, सुलेखन, डिझाइन करणारे लोक माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येतात, पण पहिल्या भेटीत तो बाहेर पडत नाही. आधी झोप लागत नाही म्हणतात, घरात चिडचिड होते म्हणतात. मग तिसऱ्या भेटीत, चपला घालता घालता, दाराशी हे निघतं.

साताऱ्याच्या एका गृहस्थांचा अनुभव सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीपुढचं, कचेरीत हिशेबाचं काम. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जायचं होतं, पण वडील म्हणाले, चित्रांनी चूल पेटत नाही. तिथे तो विषय संपला. चित्रं मात्र थांबली नाहीत. वहीत संध्याकाळी पेनाने, रविवारी जलरंगात. नात्यातल्या लग्नपत्रिकांची अक्षरंही तेच काढायचे. दिवाळीला पुण्यात शिकणाऱ्या मुलीने बाबांना भेट म्हणून त्यांच्या नावाची साइट बनवून दिली. एकशेचाळीस चित्रं स्कॅन करून चढवली.

त्या दिवसापासून घरातली शांतता गेली, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं. तो निव्वळ योगायोग असेल, असं मला आधी वाटलं.

बोलताना मी एक गोष्ट पाहिली. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. दर चार-पाच मिनिटांनी हात तिकडे जायचा, फोन सुलटा व्हायचा, अंगठा एकदा खाली ओढला जायचा, परत पालथा. तिसऱ्यांदा झालं तेव्हा विचारलं, काय बघता? थोडे ओशाळले. "काल चार जणांनी बघितलं, मॅडम. त्यातले तीन मीच असणार. ऑफिसातनं एकदा उघडली, घरून दोनदा." मुलीने कौतुकाने साइटच्या मागे भेटींचा आकडा लावून दिला होता. हा माणूस रात्री दोनला उठून तो बघत होता.

इथे माझी चूक झाली. मी म्हटलं, आकड्याकडे लक्ष देऊ नका. हा सल्ला म्हणजे जिभेवरच्या फोडाला जीभ लावू नका म्हणण्यासारखा. पंधरा दिवसांनी आले ते जास्तच खजील होऊन, कारण आता आकडाही बघत होते आणि बघितला म्हणून स्वतःला बोलही लावत होते.

मग म्हटलं, वह्या आणा. साइट नको, वह्या.

कापडी पिशवीतून सात वह्या आल्या. प्रत्येक पानावर कोपऱ्यात तारीख, हिशेबनीसाची सवय. आम्ही दोघांनी नुसती पानं मोजली. साइटच्या आधीच्या वर्षात महिन्याला दहा-बारा पानं. त्यात काय नव्हतं? मेणवलीचा घाट, एसटीत पेंगणारी म्हातारी, टेबलफॅनची जाळी, पोचा आलेला स्टीलचा डबा आणि त्याच्या झाकणात अर्धी पोळी. दिवाळीनंतर महिन्याला दोन पानं, कधी एकच. आणि सगळे गणपती. मी विचारलं, गणपतीच का? "त्याला लोक अंगठा देतात. डब्याला कोण देणार?" स्वतःच्याच तोंडून ते वाक्य ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. डब्याच्या पानावरून बोट फिरवत राहिले.

तेव्हा मी त्यांना एक जुना प्रयोग सांगितला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा तो प्रसिद्ध झाला. बालवाडीतली, मुळातच स्केचपेनांनी चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं नुसती ठेवून दिली. आधी बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ पेनांकडे वळली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही उतरलेली होती. अवचित मिळालेल्या प्रशस्तिपत्राने मात्र काही बिघडलं नाही. लहान मुलांवरच्या प्रयोगावरून पन्नाशीतल्या माणसाचं निदान करता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, ते वह्यांकडेच बघत होते.

झोप, भूक, बाकीच्या गोष्टींतला रस मी तपासला होता. रविवारी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणं चालू होतं, मित्रांत हसत होते. तसं नसतं तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. सगळंच नकोसं झालेल्या माणसाशी साइटवर चर्चा करत बसू नये.

पुढच्या भेटीत साइट उघडली. वर ठळक अक्षरांत: व्यावसायिक चित्रकार व डिझायनर. मुलीने हौसेने लिहिलेलं. म्हटलं, व्यवसाय करायचाय का? "छे हो. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, पेन्शन आहे." मग हे काय? आणि त्या दोन शब्दांमागून किती काय निघालं! ते वाचून लोक फुकटात लोगो मागायचे. 'काका, दहा मिनिटांचं काम आहे.' डिझायनर म्हणवतो तर नाही कसं म्हणायचं, म्हणून हे रात्री जागून करून द्यायचे. इतरांची पोर्टफोलिओ बघायची, जी माणसं दिवसाचे आठ तास हेच करतात त्यांची, आणि आपलं काम त्यांच्या शेजारी लावायचं. पुन्हा एक परीक्षा, आणि या वेळी परीक्षक कोण तेही माहीत नाही. वडिलांबद्दल ते पहिल्यांदा मोकळं बोलले ते त्या दिवशी. साइट चालली असती तर कुणाला दाखवायची होती, एवढंच मी विचारलं होतं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्यांनी मध्येच विचारलं, "पण मॅडम, चित्रं कशी आहेत?" मी सांगितलं नाही. मला त्यातलं कळत नाही हे खरं, पण कळत असतं तरी सांगितलं नसतं. आणखी एक अंगठा कशाला?

बाकीचं त्यांनी आणि मुलीनेच केलं. तिने आकडा काढून टाकला. नुसता लपवला असता तर बाबांनी शोधला असता, हे तिला ठाऊक होतं. दोन महिने नवीन काही चढवायचं नाही असं ठरलं. जुन्यातून निवडायला मी एकच प्रश्न दिला: कुठलं काढताना चहा गार झाला? एकशेचाळीसमधली सव्वीस उरली. गणपती एक. डबा होता. चित्रं कुणी उचलेल ही धास्तीही होती, त्यावर मुलीने लहान आकाराच्या प्रती ठेवल्या. मी एवढंच सांगितलं की १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की त्याचा हक्क चित्रकाराचाच, नोंदणीची सक्ती नाही. वरची ओळ त्यांनी स्वतः बदलली: 'सातारा. नोकरी करतो. संध्याकाळी चित्रं काढतो.' लोगो मागणारे त्यानंतर बरेच कमी झाले. जे राहिले त्यांना नाही म्हणायला मात्र त्यांना दोन भेटींचा सराव लागला. भाच्याला अजूनही म्हणता येत नाही.

झोप लगेच आली नाही. महिना-दीड महिना मध्यरात्री जाग यायची, हात फोनकडे जायचा, आकडा नसायचा. एकदा त्यांनी मुलीला फोन करून तो परत लाव म्हणून सांगितलं. तिने मला विचारलं. मी म्हटलं, साइट त्यांची आहे, लावायचा तर लाव. सकाळी त्यांनीच नको म्हणून कळवलं.

पुढच्या दिवाळीत त्यांचा फोन आला. साइटच्या नावाचं वर्षाचं भाडं भरायची मेल आली होती, भरून टाकलं म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग, हल्ली किती जण बघतात?"

"काय माहीत हो," म्हणाले, आणि कचेरीमागच्या चिंचेच्या झाडाबद्दल बोलू लागले. त्याच्या सालीचा रंग जमत नव्हता.