दुनळी रायफल आणि तिची काडतुसे : वाचकांचे प्रश्न

मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) दुनळी रायफलींविषयी आलेल्या पत्रांपैकी सहांची उत्तरे या वेळी देत आहोत. काडतूस स्वतः भरण्याविषयीची उत्तरे ज्या देशांत कायदा त्याला मुभा देतो, तिथल्या वाचकांसाठी आहेत. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. रायफलीचा परवाना त्यासाठी चालत नाही.

प्रश्न : माझी .४७० नायट्रो एक्स्प्रेस (धूररहित दारूच्या मोठ्या काडतुसाची) रायफल ५० यार्डांवर उजव्या नळीचा मार उजवीकडे आणि डाव्या नळीचा मार डावीकडे टाकते. दोन्ही पुंजक्यांत जवळजवळ पाच इंचांचं अंतर आहे. गोळी ५०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), दारू काडतूस भरण्याच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापाची. नळ्या पुन्हा जुळवून घ्याव्या लागतील का? (दक्षिण आफ्रिका)

उत्तर : नळ्यांना हात लावू नका. तुमचं काडतूस हळू चालतंय.

दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. तोंडाकडे त्या एकमेकींकडे किंचित झुकवून डाखलेल्या असतात. उजवी नळी उडाली की रायफल मागे येता येता वर आणि उजवीकडे वळते, डावी उडाली की वर आणि डावीकडे. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच हे वळणं सुरू झालेलं असतं. म्हणून कारागीर एक ठरावीक काडतूस उडवून पाहतो, तोंडाकडची पाचर सरकवतो, पुन्हा डाख लावतो आणि दोन्ही नळ्यांचा मार शेजारी शेजारी येईपर्यंत हे करत राहतो. ती रायफल त्या एका काडतुसाशी बांधली गेली. गोळी हळू असेल तर ती नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात रायफल जास्त वळते आणि मार फाकतो. गोळी जास्त वेगवान असेल तर उलट होतं : उजव्या नळीचा मार डावीकडे आणि डाव्या नळीचा उजवीकडे जातो.

.४७० चं जुनं माप ५०० ग्रेनची गोळी, ७५ ग्रेन कॉर्डाइट (काड्यांच्या रूपातली जुनी धूररहित दारू) आणि वेग २१५० फूट प्रतिसेकंद. पण तो वेग लांब चाचणी-नळीतून मोजलेला होता. २४ किंवा २६ इंची नळीतून तो त्यापेक्षा कमी येतो, आणि रायफल जुळवली गेली ती या खऱ्या वेगाला. म्हणून २१५० हा आकडा गाठायच्या मागे लागू नका. वेगमापक समोर ठेवा, पण निर्णय निशाणाच्या कागदावरच घ्या.

दारू पुस्तकातल्या कमाल मापाच्या आत राहून एकेक ग्रेनने वाढवा. प्रत्येक मापाची किमान चार काडतुसे भरा. उजवी, डावी, उजवी, डावी या क्रमाने उडवा, जोडी सलग आणि दोन जोड्यांमध्ये नळ्या हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या नळ्या जुळणी बदलून दाखवतात. कागदावर प्रत्येक छिद्राशेजारी लगेच ‘उ’ किंवा ‘डा’ लिहा, नंतर कोणतं कुठलं ते आठवत नाही. पुढचा लाकडी भाग थेट वाळूच्या पिशवीवर टेकवू नका. हात मध्ये ठेवा, शक्यतो उभ्याने आधार घेऊन उडवा. घट्ट टेकवलेली रायफल मोकळेपणाने वळत नाही आणि चाचणी खोटी ठरते.

उजव्या पुंजक्याचा मध्य डाव्याच्या उजवीकडे इंच-दीड इंचावर आला की थांबा. नळ्यांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, म्हणजे गोळ्या समांतर चालल्या आहेत. पुंजके एकमेकांवर आणायच्या नादात वेग आणखी वाढवलात तर १०० यार्डांच्या पुढे मार ओलांडून जाईल. एक नळी दुसरीपेक्षा ठळकपणे वर मारत असेल, तर मात्र दारूने ते सुटणार नाही. तिथे गोळीचं वजन बदलून पाहा, नाहीतर जाणकार कारागीर गाठा.

एक सूचना : माप सापडलं की टोपी (दारू पेटवणारी), पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं), गोळी आणि दारूचा लॉट यांतलं काहीही बदललं तर चार काडतुसांची ही चाचणी पुन्हा करा.

प्रश्न : उजवी नळी उडवल्यावर डाव्या नळीतलं न उडवलेलं काडतूस बाहेर काढलं, तर त्याची गोळी पुढे सरकलेली दिसते. शिवाय काही पुंगळ्या नळीत अडकतात. (अमेरिका)

उत्तर : दोन्ही दोष भरण्यातले आहेत.

रायफल जोरात मागे येते तेव्हा नळी पुंगळीला कडेने धरून मागे ओढते, गोळी मात्र जागच्या जागी राहू पाहते. साहजिकच ती पुढे सरकते. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा सरकता दांडा) असलेल्या रायफलीत उलटा त्रास होतो : खजिन्यातल्या, म्हणजे राखीव काडतुसांच्या पेटीतल्या, काडतुसांची नाकं पुढच्या भिंतीवर आपटून गोळ्या आत दबतात. उपाय दोन्हीकडे एकच, पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट दाबून घेणे, म्हणजे क्रिंप. त्यासाठी सगळ्या पुंगळ्या एकसारख्या लांबीच्या हव्यात. .४७० ची पुंगळी ३¼ इंचांची असते. दहा पुंगळ्यांत लांबीचा फरक असेल तर काहींची क्रिंप ढिली राहते, काहींची इतकी दाबली जाते की पुंगळीचा खांदा फुगतो. छाटून सारख्या करा, मग क्रिंपचा साचा बसवा. गोळी बसवणे आणि क्रिंप करणे ही कामं दोन वेगळ्या फेऱ्यांत केली तर पितळ कमी ओरबाडलं जातं.

अडकण्याचं कारण वेगळं आहे. बोल्ट काडतुसाला दाबून आत बसवतो आणि वळवून बाहेर ओढतो. दुनळीत ही ताकद नसते. काडतूस स्वतःच्या वजनाने आत पडायला हवं. त्यामुळे दर वेळी पुंगळी पूर्ण लांबीच्या साच्यातून काढा, नुसती मान दाबून भागणार नाही. भरून झाल्यावर नळ्या रायफलीपासून सोडवा आणि प्रत्येक काडतूस दोन्ही नळ्यांत टाकून पाहा. टाकताच ‘टक’ असा आवाज करून कडेपर्यंत बसलं पाहिजे आणि नळी उलटी केली की बाहेर पडलं पाहिजे. बोटाने दाबावं लागलं तर ते सरावाला ठेवा, रानात नेऊ नका.

प्रश्न : पुंगळी अर्धी रिकामी राहते. वर कापूस भरावा का?

उत्तर : कॉर्डाइटच्या काड्या पुंगळीच्या लांबीने उभ्या राहत. आजच्या दाणेदार दारूला एवढी मोठी जागा मिळते तेव्हा ती कधी टोपीकडे, कधी गोळीकडे लोळते आणि वेग दर वेळी बदलतो. सोपा मार्ग म्हणजे अधिक मंद जळणारी दारू घेणे. तिचं माप मोठं असतं आणि पुंगळी जवळजवळ भरते. चपळ, म्हणजे लवकर जळणारी, दारू वापरायचीच असेल तर पुस्तकात ज्या मापासोबत भरण्याची वस्तू दिली आहे, तेच माप त्याच वस्तूसह घ्या. आपल्या मनाने काही घालू नका. भरण दारूपासून गोळीच्या बुडापर्यंत सलग असावं. मध्ये मोकळी जागा सोडून वर बसवलेला गच्च तुकडा गोळीवर आपटतो आणि चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) कडं उठवू शकतो. ते कडं मग काढता येत नाही.

प्रश्न : आजोबांच्या दुनळीवर .४५० आणि ३¼ असं कोरलंय. ही .४५० नायट्रो एक्स्प्रेसच ना? (नाशिक)

उत्तर : नसू शकते, आणि इथली चूक जिवावर बेतू शकते. १८९८ मध्ये जॉन रिग्बीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली ती आधीच्या .४५० काळ्या दारूच्या एक्स्प्रेसच्या पुंगळीवरून. दोघांची लांबी ३¼ इंचच. म्हणजे नायट्रोचं काडतूस जुन्या रायफलीत सहज बसतं, पण ती नळी त्या दाबासाठी घडवलेली नसते. लाकडी पुढचा भाग काढा आणि नळ्यांच्या चपट्या बुडावरच्या खुणा भिंगाने वाचा. त्यात नायट्रो प्रूफची (नळी नायट्रोच्या दाबाला तपासल्याची) खूण, कॉर्डाइटचं ग्रेनमधलं वजन आणि गोळीचं कमाल वजन असेल तर ती नायट्रोची. या खुणा नसतील तर तिच्यात नायट्रोचं काडतूस कधीही घालू नका.

तुमच्या घराण्याकडे .४५० असणं तसं विशेष आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानात .४५० ची काडतुसे आणण्यावर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी बंदुकांना लागणाऱ्या त्याच व्यासाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागू नयेत, हा त्यामागचा विचार. त्या बंदीमुळेच .४७०, .५००/४६५ यांसारखी मापं पुढे आली.

परवानाधारक वारले असतील तर रायफल घरात ठेवून कागदपत्रांची वाट पाहू नका. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाच्या नावाचा अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात, हेही लक्षात घ्या.

प्रश्न : शंभर वर्षं जुन्या नळीतून अखंड तांब्याच्या गोळ्या चालतील का?

उत्तर : सरळ दंडगोल अंगाची कडक गोळी टाळा. शिशाची गोळी आट्यांत (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) दबते, अखंड धातूची दबत नाही. नळ्या पातळ असतील तर आट्यांचा ठसा बाहेरून उमटतो, डाख सुटते. अंगावर अरुंद पट्टे असलेली गोळी घ्या, म्हणजे फक्त पट्टेच आट्यांना लागतात. त्याआधी नळीतून शिशाचा गोळा ठोकून काढून व्यास मोजा. नावावर जाऊ नका : .४७५ नंबर २ ची गोळी .४८३ इंचांची, तर .४७५ नंबर २ जेफ्रीची .४८८ ची असते.

डाख तपासायची असेल तर नळ्या सुट्या करून आकड्याला टांगा आणि लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर ठीक. आवाज बद्द आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटली आहे.

प्रश्न : किनॉक कंपनीची जुनी काडतुसे उडवली, तेल लावून ठेवलं, तरी नळीत गंज आला. (रत्नागिरी)

उत्तर : त्या जुन्या टोप्यांतलं क्लोरेट जळून मागे मीठ उरतं आणि ते कोकणातल्या हवेतली ओल ओढतं. तेलात मीठ विरघळत नाही. उडवलेल्या दिवशीच नळ्या काढून कडकडीत पाणी भरपूर ओता, पाणी ओतताना नळ्या हाताला चटका देतील इतक्या तापू द्या म्हणजे त्या आपोआप वाळतील. कोरडी चिंधी फिरवा आणि मग तेल लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी चिंधी फिरवून बघा. तांबूस डाग आला तर पाण्यापासून सगळं परत करा.