चाळिशी उलटल्यावर आइस स्केटिंग जमेल का? पहिल्या दिवशी काय सांभाळू?

जमेल. मी स्वतः त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. पहिला पाऊण तास कठड्याला घोरपडीसारखा चिकटून होतो आणि शेजारून पाच-सहा वर्षांची पोरं भुर्रकन निघून जात होती.

तुम्ही लिहिलंय की बर्फाची भीती वाटते. पण नवख्याचा घात बर्फापेक्षा बूट करतात. भाड्याचे बूट घालून आधी नीट उभं राहून बघा, टाच आत वर-खाली होता कामा नये. मोजे पातळच घाला, जाड मोज्यांत पाऊल डुगडुगतं. लेस बोटांकडे जरा सैल चालते, घोट्यापाशी मात्र जोर लावून आवळायची. मी नेहमीच्या बुटांसारखी बांधून उतरलो, तर दोन्ही घोटे आत कलंडले. वाटलं, आपल्याला तोल म्हणून काही नाहीच! शेवटी तिथल्या एका मदतनीस बाईंनी मला बाकावर बसवून सगळी लेस सोडली आणि पुन्हा बांधून दिली. मग कुठे कठडा सुटला.

फिगर स्केटच्या पात्याला पुढे करवतीसारखे दात असतात. आपण चालल्यासारखं पाऊल टाकलं की ते रुततात आणि माणूस तोंडावर. म्हणून पाय मागे न रेटता बाजूला, तिरका ढकलायचा. गुडघे वाकलेले, नजर समोर.

पडणार तर आहातच. फक्त मागे पडू नका, डोकं आपटतं. तोल गेलाच तर खाली बसत कुशीवर कलंडा आणि लगेच मुठी मिटा, कुणाचं पातं बोटांवरून जायला नको. हातमोजे, हेल्मेट हवंच. लाज कसली त्यात.

सत्राच्या सुरुवातीलाच पोहोचा, तेव्हा बर्फ ताजा असतो. दोन सत्रांच्या मध्ये बर्फ पुन्हा गुळगुळीत करायला जी अवजड गाडी फिरते तिला लोक सरसकट झांबोनी म्हणतात. फ्रँक झांबोनी यांनी ती १९४९ साली कॅलिफोर्नियात तयार केली. ती वरचा थर खरवडते आणि मागे पाणी पसरते, बहुतेक ठिकाणी चक्क गरम! गरम पाण्याने चरे थोडे वितळून नवा थर खालच्याशी एकजीव होतो. शिवाय त्यात विरघळलेली हवा कमी, म्हणून बर्फ घट्ट बसतो. एवढा खटाटोप जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाडीच्या बर्फासाठी. त्याखाली काँक्रीट, आणि काँक्रीटमध्ये गार मिठवणी खेळवणाऱ्या नळ्या. गाडी बाहेर गेल्यावर ओली चकाकी जाईपर्यंत थांबा, मगच उतरा.

वेळापत्रक आधी बघून घ्या, कारण त्याच बर्फावर हॉकीचे संघ, फिगर स्केटिंगचे वर्ग आणि सर्वांसाठी खुलं सत्र अशा पाळ्या असतात. सुटीचा दिवस टाळा. आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी माणसं तुरळक असतात आणि कठडा सगळा आपलाच.