कुंडीतली झाडं, वाचकांचे प्रश्न: फायकस रुसलाय, काय करू?

मागच्या अंकात फायकसवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा ढीगच आला. फिडल लीफ फिग, रबर प्लांट, बारीक पानांचा बेंजामिना, हे सगळे फायकसच, आणि सगळ्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच, म्हणून यावेळी दुसऱ्या कुठल्या झाडाचे प्रश्न घेतलेच नाहीयेत. गुलाबवाल्यांनी जरा थांबा.

प्रश्न: ताई, महिन्याभरापूर्वी फिडल लीफ आणलं. आणलं तेव्हा एकदम भरगच्च होतं, आता खालची पानं एकेक करून गळतायत. रोज थोडं थोडं पाणी घालते. आधी सोफ्यामागे होतं, मग बेडरूममध्ये नेलं, मग मैत्रीण म्हणाली दमट हवा लागते म्हणून आता बाथरूममध्ये आहे. खत कमी पडतंय का?

उत्तर: खताचं नावच काढू नका सध्या. झाड बाथरूममधून बाहेर आणा, घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खिडकीजवळ ठेवा आणि मग तिथून हलवू नका, कितीही मोह झाला तरी.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, सिएरा लिओन ते कॅमेरून या बाजूच्या पावसाळी जंगलातलं. तिथे ते १२-१५ मीटर वाढतं, आणि बरेचदा दुसऱ्याच झाडाच्या बेचक्यात वरती रुजतं आणि तिथून मुळं खाली जमिनीपर्यंत सोडतं, वड-पिंपळाच्याच कुळातलं आहे शेवटी. एवढा खटाटोप उजेडासाठी, आणि आपण त्याला सोफ्यामागे ठेवतो कारण तिथे छान दिसतं! नर्सरीत भरपूर उजेडात वाढलेलं झाड घरात आलं की उजेड एकदम घटतो, आपले डोळे लगेच ॲडजस्ट होतात म्हणून आपल्याला ते जाणवत नाही, पण झाडाला कळतं, मग आहे त्या उजेडात जेवढी पानं पोसता येतील तेवढी ठेवून बाकीची ते टाकून देतं. जुनी, खालची आधी. परत जागा बदलली की परत पहिल्यापासून. (बेंजामिना तर याहून नाटकी, नुसती जागा बदलली तरी निम्मी पानं टाकेल, घाबरायचं नाही, बहुतेक वेळा परत फुटतो.) उजेड पुरेसा आहे का ते बघायला भर दुपारी झाडाच्या जागी हात धरा, सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर ठीक, नुसता पुसट डाग दिसला तर जागा चुकली.

आता पाणी. कमी उजेडात झाड पाणी कमी ओढतं आणि तुम्ही रोज घालताय, म्हणजे माती कायम ओली, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. बोट मातीत दोन इंच घाला, कोरडं लागलं तरच पाणी, पण घालाल तेव्हा खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका. "दर रविवारी एक ग्लास" वगैरे हिशोब फायकसला लागू पडत नाही, थंडीत तेच झाड निम्म्या पाण्यात भागवतं. नवीन कोंब दिसायला लागला की मग खताचं बघू.

प्रश्न: पानांवर तपकिरी डाग पडलेत. एकजण म्हणतो पाणी जास्त झालं, दुसरा म्हणतो कमी झालं, मी कोणाचं ऐकू?

उत्तर: झाडाचं ऐका. डाग कुठे आहे आणि हाताला कसा लागतो त्यावर सगळं आहे. गडद, जवळजवळ काळपट डाग, पानाच्या मधूनही सुरू झालेले आणि पसरत जाणारे, तेही खालच्या पानांवर, आणि माती ओली: मुळं कुजतायत. झाड कुंडीतून काढून बघा, चांगली मुळं कडक आणि फिकट असतात, कुजलेली काळी, मऊ आणि वास मारणारी. ती स्वच्छ कात्रीने कापा आणि नव्या भुसभुशीत मिश्रणात लावा, साधी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा जाडसर वाळू असं काहीतरी ज्यातून पाणी पटकन निघून जाईल. कुंडी मोठी घेऊ नका या वेळी, उलट मुळं कमी झाली असतील तर लहानच घ्या.

कडेपासून आत येणारे, फिकट आणि कुरकुरीत डाग असतील, पान आत वळत असेल आणि माती कुंडीची कड सोडून आकसली असेल तर पाणी कमी. यात एक गंमत होते, एवढी कोरडी झालेली माती पाणी शोषतच नाही, ते कडेने सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं भरपूर घातलं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा.

वरच्या, खिडकीकडच्या पानांवर पांढरट भाजल्यासारखे पट्टे म्हणजे थेट ऊन, ती पानं परत हिरवी होत नाहीत, झाड जरा मागे घ्या किंवा पातळ पडदा लावा. कोवळ्या पानांवर बारीक लालसर ठिपके दिसले तर मात्र फार टेन्शन घेऊ नका, पाणी कधी खूप कधी अजिबात नाही असं झालं की पानातल्या पेशी फुगून फुटतात त्याच्या त्या खुणा असतात, पान मोठं झालं की बरेचदा पुसट होतात.

प्रश्न: माझा फिडल लीफ छताला टेकायला आलाय पण नुसती काठी, एकही फांदी नाही. आणि एक तुटलेलं पान पाण्यात ठेवलं होतं, त्याला मस्त मुळं आलीत पण पुढे काहीच होत नाहीये.

उत्तर: त्या पानाचं पुढेही काही होणार नाही. देठाला मुळं फुटतात पण खोडाचा डोळा सोबत नसेल तर नवा कोंब यायला जागाच नसते, वर्षानुवर्षं ते एक पान मुळांवर तसंच राहतं. दिसायला छान आहे, असू द्या.

उंचीचं म्हणाल तर शेंडा छाटा. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की त्यातले एक-दोन जागे होतात. पण छाटायचं ते वाढीच्या दिवसात आणि झाड ठणठणीत असताना, मरतुकड्या झाडावर हा प्रयोग नको. मी तर म्हणते शेंडा छाटण्याआधी तिथेच गुटी कलम करा: दोन पेरांच्या मधे इंचभर सालीचा गोल पट्टा काढा, ओलं मॉस (नर्सरीत मिळणारं शेवाळ) गुंडाळा, वर प्लॅस्टिक घट्ट बांधा, मॉस सुकू देऊ नका, आणि प्लॅस्टिकमधून मुळांचं जाळं दिसलं की त्याच्या खाली कापा. वरचा भाग नवीन झाड, खालची काठी फांद्या काढेल. एका दगडात दोन पक्षी.

प्रश्न: घरात मांजर आहे, ती रबर प्लांटची पानं चावते. चालेल का?

उत्तर: नको. सगळ्याच फायकसमध्ये पांढरा चीक असतो, त्याने मांजर-कुत्र्यांच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. उंचावर ठेवा, आणि जास्त खाल्लं असेल तर सरळ डॉक्टरकडे न्या. छाटताना तुम्हीपण हातमोजे घाला, विशेषतः लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर.

प्रश्न: फायकस घरातली हवा शुद्ध करतो हे खरं आहे का?

उत्तर: हे सगळं नासाच्या १९८९च्या अभ्यासापासून सुरू झालं, त्यात बेंजामिना होता. पण ते प्रयोग छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये केलेले होते आणि आपलं घर काही हवाबंद नसतं. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात निघालं की घरात हवा आपोआप जेवढी खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. बसायचं कुठे मग? खिडकी उघडा, फायकस आवडतो म्हणून ठेवा.

प्रश्न: पानं चिकट लागतात, खाली फरशीसुद्धा चिकट होते. पान पुसलं तरी दोन दिवसात परत तेच.

उत्तर: पान उलटं करून मधली शीर बघा, आणि खोडही. तपकिरी चपटे, नखाने निघणारे ठिपके म्हणजे खवले कीड, कापसासारखं पांढरं काही असेल तर पिठ्या ढेकूण. ते रस शोषतात आणि गोड चिकट पाणी टाकतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि थोडा लिक्विड सोप घालून फवारा, संध्याकाळी, उन्हात नाही. दर आठवड्याला, निदान महिनाभर, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत. पानं चकचकीत दिसावीत म्हणून दूध, खोबरेल वगैरे चोळत असाल तर ते बंद करा, त्यावर धूळच बसते, ओलं फडकं पुरतं. आणि शेजारच्या कुंड्याही तपासा, ही कीड एका झाडावर थांबत नाही.