पन्नास कोंबड्यांचं घर आणि साठ हजारांची आरडी

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुम्ही जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात राहता, मिस्टर चाकणला एमआयडीसीत कंत्राटावर, पोस्टात महिना 900 ची आरडी आहे ती ऑक्टोबरला पिकतेय, हातात साठ हजार आणि वर थोडे येतील. त्यातून 50 गावरान कोंबड्या पाळायच्यात. रेडिमेड खुराडं 48,000 ला मिळतंय, दोन मजली, 6 बाय 4, जाहिरातीत "50 पक्षी क्षमता", भाडं 4,500 वेगळं. गावातला वेल्डर आणि गवंडी मिळून 34,000 म्हणतायत. रेडिमेडवाला म्हणतो महिनाअखेरपर्यंतच ऑफर, 3,000 भरा, बाकी हप्त्यानं द्या. घेऊ का बांधू?

पहिलं म्हणजे ऑफर जाऊ द्या. पोस्टाची आरडी तीन वर्षांनंतर मोडता येते हो, पण मग पूर्ण मुदतीवर सेव्हिंग खात्याचा 4 टक्के दर लागतो, म्हणजे तीन महिने कळ काढली नाही तर तुमचे दोन-अडीच हजार तिथेच गेले. आणि पावसाळ्यात तुमच्याकडे खुराडं उभं करणार कुठं, चिखलात?

आता ती "50 पक्षी" भानगड. 6 बाय 4 म्हणजे 24 चौरस फूट, दोन मजले मिळून 48. नुसतं रात्री बसायला कोंबडीला एक फूट चालतो, त्या हिशोबानं जाहिरात अगदीच खोटी नाही. पण तुमच्याकडचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर कोंबड्या दिवसचे दिवस आतच, तेव्हा दीड फूट तरी पाहिजेच, नाहीतर एकमेकींना टोचून शेपटाकडचं सोलून काढतात. दीड फुटानं त्यात 32 बसतात. मग हिशोब करा, भाड्यासकट 52,500 भागिले 32, म्हणजे एका कोंबडीच्या घराला 1,640 रुपये. अख्खी कोंबडी पाचशे-सहाशेला जाते म्हणून तुम्हीच लिहिलंय.

हप्त्याचंही बघून टाकू. 45,000 चं लोन, 14 टक्के, 24 महिने, हप्ता साधारण 2,160, एकूण व्याज 6,800 च्या वर. पण माझं दुखणं व्याजाचं नाहीच, हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि महिन्याचं पिल्लू आणलं तरी अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने जातात, तोपर्यंत पाच हप्ते म्हणजे 10,800 तुम्ही मिस्टरांच्या पगारातून भरलेले असणार, आणि कंत्राट कधी संपेल ते त्यांनाही माहीत नाही.

मी रेडिमेडच्या विरोधात आहे असं समजू नका. शहरात गच्चीवर ठेवायचंय, जागा भाड्याची आहे, वेल्डर वेळ देत नाही, अशांना ते बरं पडतं, उचलून नेता येतं, विकताही येतं. पण माझा स्वतःचा अनुभव कडू आहे. आईसाठी गावी एक मागवलं होतं, दिसायला एकदम झकास, हिरवा रंग, छोटं चाकाचं दार. पहिल्याच पावसाळ्यात प्लायचा तळ पापडासारखा फुगला. जाळी एक इंची. एका सकाळी आईनं दार उघडलं तर अकरा कोंबड्या पडलेल्या, सगळ्यांच्या माना फोडलेल्या, खाल्लेली फक्त एक. मुंगूस फुगलेल्या तळाच्या फटीतून आत शिरलं होतं. आई काही बोलली नाही, नुसती पिसं गोळा करत बसली. ज्यानं विकलं त्याला फोन केला तर म्हणे जाळी वॉरंटीत येत नाही.

म्हणजे बांधायचं? थांबा. 34,000 च्या कोटेशनमध्ये पाईप-जाळी 17,000, पत्रे 6,000, विटा-सिमेंट 5,000, मजुरी 6,000 एवढंच आहे. वाळूचं भाडं, कडीकोयंडा, लाइटची वायर, पत्र्याचे हुक कुठं गेले? असल्या कामात मी 15 टक्के वाढवूनच धरतो, म्हणजे 39,000. मग कोंबड्यांचं. महिन्याची, लस दिलेली पिल्लं 120 नं पन्नास, 6,000. खाद्य, निम्मं चरून भागेल असं धरलं तरी दिवसाला 40 ग्रॅम वरून घालावं लागेल, 135 दिवसांचं 5 किलो 400 ग्रॅम, पन्नासांचं 270 किलो, 34 रुपयांनं 9,180. भांडी-औषधं अडीच हजार. बेरीज 56,800 च्या आसपास, म्हणजे हातात 3,000 उरतात आणि अजून एकही अंडं घरात नाही. रेडिमेड घेतलं तर हीच बेरीज 70,000 पार. बहुतेक लोक घराच्या किमतीवरच अडकतात हो, माणसाच्याही आणि कोंबडीच्याही, आणि पाचव्या महिन्यात खाद्याला पैसे नाहीत म्हणून अंड्यावर आलेल्या तलंगा (तरण्या माद्या) विकतात. असे तीन-चार तरी मी बघितलेत.

आणि तुमच्या मेसेजमध्ये एक ओळ सहज लिहिलीय ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, "जागा घराशेजारचीच आहे, सामाईक सातबारा, दिरांशी बोलणं चालू आहे." ताई, वाटप व्हायचंय अशा जमिनीत पाया खणून सिमेंट घालू नका. उद्या तो तुकडा दिरांकडे गेला तर विटा काही उपटून नेता येत नाहीत, आणि 34 हजारांपायी घरात वाद नको.

म्हणून माझं म्हणणं असं. साठातले वीस हजार मिस्टरांचं कंत्राट सुटलं तर म्हणून बाजूला, त्याला हात नाही. उरलेल्या चाळिसात 25 पिल्लांनी सुरुवात करा. शेड 8 बाय 6, म्हणजे 48 फूट, कोंबडीला जवळपास दोन फूट. त्याच वेल्डरकडून, पण सांगाडा जागेवर वेल्डिंग करून जोडायचा नाही, बाजू सुट्या बनवून नटबोल्टनं जोडायच्या, खाली विटांचा नुसता थर. उद्या उचलायचं झालं तर दोन माणसं आणि एक छोटा हत्ती. रेडिमेडचा जो खरा फायदा तो तुम्हाला इथेच मिळाला. तुमच्या वेल्डरच्या रेटनं पाईप-जाळी 11,000, पत्रे 3,500, विटा वगैरे 2,500, मजुरी 5,000 (मजुरी काही अर्धी होत नाही), एकूण 22,000. कोंबडीमागे 880. पिल्लं 3,000, खाद्य 4,600, भांडी-औषधं दीड हजार, म्हणजे 31,000 आणि नऊ हजार शिल्लक. किरकोळ वाढलेला खर्च त्यातून जाईल, बाकीचे खाद्यालाच ठेवायचे.

जाळीत काटकसर करू नका. षटकोनी चिकन जाळी कुत्रं दातानं फाडतं, खालचे तीन फूट तरी अर्धा इंची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी) घ्या, आणि तीच फूटभर जमिनीत गाडा, मुंगूस उकरून येतं. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन आत घुसत नाही. पत्र्यावर एप्रिलमध्ये पेंढा टाका. तुमच्याकडे भात आहे, गिरणीतून तूस आणा, ते खाली पसरायला फुकटच. जुन्नर म्हटल्यावर बिबट्याचं सांगायला नको, शेड घराला लागूनच, लाइटच्या उजेडात.

उत्पन्नाचं खरं सांगतो, फार हुरळून जाऊ नका. 25 पिल्लांतली तीन मरतुकीत धरा, उरलेल्या बावीसात निम्मे कोंबडे. म्हणजे तुमचे पहिले पैसे अंड्याचे नाहीतच, ते अकरा कोंबडे विकून येणारे आहेत, 500 नं साडेपाच हजार. राहिल्या अकरा माद्या. सुधारित जात, ग्रामप्रिया किंवा कावेरी, घेतलीत तर परसातही वर्षाला दीडशे अंडी धरायला हरकत नाही (अस्सल गावरान त्याच्या निम्मीच देते आणि मध्येच खुडूक बसते), 1,650 अंडी, 12 नं 19,800, त्यातून खाद्य 6,800 वजा, राहिले 13,000. घरात मुलांनी खाल्लेलीही यातच मोजलीत. सुरुवातीचे 9,000 वजा केले की पहिल्या फेरीत साडेनऊ. शेडचे पैसे सुटायला अडीच वर्षं तरी. कमी वाटेल, पण कर्ज नाही, आणि दुसऱ्या वर्षी पन्नास करायचे का ते तुम्हाला स्वतःच्या वहीवरून कळेल.

सबसिडीचं विचारलंत. राष्ट्रीय पशुधन अभियानातलं ते 50 टक्के अनुदान, 25 लाखांपर्यंतचं, हजारभर पक्ष्यांच्या पैदास फार्मला आहे, तुमच्या पन्नासला नाही, त्यासाठी थांबू नका. पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा मात्र, पिल्लांची एखादी योजना चालू असेल तर तेच सांगतील. किसान क्रेडिट कार्ड आता कोंबड्यांनाही मिळतं, दोन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं, पण ते पिल्लं-खाद्यासाठी, शेडसाठी नाही. पुढच्या वर्षी वाढवताना बघू.

लसीची बाटली शंभर डोसच्या खाली सहसा मिळत नाही आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा शेजारच्या दोन-तीन बायकांना धरूनच लसीकरण करा, राणीखेत रोगाला हलक्यात घेऊ नका.

आणि पिल्लं नोव्हेंबरात आणा, थंडीत आठ-दहा रात्री बल्ब लावावा लागेल तेवढंच. मग कोंबडे चैत्रातल्या यात्रांना बरोबर तयार होतात, तेव्हा गावोगाव मागणी असते. राहिलेला एखादा आखाडात जाईल. श्रावण लागला की भाव पडतात आणि नवरात्र होईपर्यंत कोणी विचारत नाही.