वाचकांचे प्रश्न : शहाणपणाचे वाक्य कुठवर खरे?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे म्हणी, सुभाषिते आणि सुविचारांबद्दलची आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : शाळेच्या फलकावर रोज एक सुविचार लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. ‘तेच ते पुन्हा पुन्हा करून वेगळ्या परिणामाची अपेक्षा करणे म्हणजे वेडेपणा’ हे आइन्स्टाइनच्या नावाने लिहिले, तर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘हे त्यांनी कुठे म्हटले आहे?’ मला सांगता आले नाही.

विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी योग्य आहे. ते वाक्य आइन्स्टाइनचे नाही. आइन्स्टाइन १९५५ साली वारले आणि हे वाक्य छापील स्वरूपात सापडते ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या गटांच्या साहित्यात. तिथे त्याला नेमका अर्थ होता : ‘या वेळी एकच घोट घेईन आणि थांबेन’ असे दहाव्यांदा म्हणणाऱ्यासाठी ते वाक्य होते. शास्त्रज्ञाच्या नावावर गेल्यावर तो अर्थ विरघळला आणि वाक्य कुठेही चिकटवता येईल असे झाले.

नावे चुकतात त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. व्हॉल्टेअरच्या नावावर खपणारे ‘तुझे म्हणणे मला पटत नाही, पण ते म्हणण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन’ हे वाक्य एव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेचे आहे. टोपणनावाने लिहिलेल्या आपल्या १९०६ च्या पुस्तकात व्हॉल्टेअरची वृत्ती कशी होती हे सांगताना तिने ते अवतरणचिन्हांत टाकले. लोकांनी चिन्हे पाहिली आणि वाक्य व्हॉल्टेअरचेच समजले. व्हॉल्टेअरला जाऊन तोवर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

गांधीजींचे म्हणून सांगितले जाणारे ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो स्वतः व्हा’ हे दुसऱ्या वाटेने आले. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी लिहिले ते साधारण असे : आपण स्वतःला बदलू शकलो, तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. ते सविस्तर विवेचन होते. पुढे कोणीतरी ते पिळून एका घोषणेएवढे केले. आशय जवळचा आहे, शब्द त्यांचे नाहीत. आणि घोषणेत त्या विवेचनातला ‘तर’ गळाला, ही खरी हानी.

फलकावर लिहिण्याआधी चार गोष्टी तपासा. पुस्तकाचे नाव, पान किंवा तारीख मिळते का? वाक्य पहिल्यांदा छापले गेले ते साल आणि त्या व्यक्तीच्या निधनाचे साल यांत किती अंतर आहे? पन्नास वर्षांचे अंतर दिसले की सावध व्हा. भाषा त्या काळाची आहे का? दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी ‘कम्फर्ट झोन’ येणार नाही. आणि हेच वाक्य दुसऱ्या कोणाच्या नावाने फिरते आहे का? एकाच वाक्याला तीन धनी असतील तर बहुधा तिघेही खोटे. यातले काहीच हाती लागले नाही, तर नाव गाळून वाक्य लिहा. चांगल्या वाक्याला नावाचा टेकू लागत नाही.

प्रश्न : म्हणी एकमेकींच्या विरुद्ध का बोलतात? ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणायचे आणि लगेच ‘अति घाई संकटात नेई’. मग शहाणपण कशात मानायचे?

म्हण हा नियम आहे असे धरले तर हा घोळ होतोच. म्हण प्रसंगाचे निदान करते. वैद्याकडे ताप वाढलेल्याचेही औषध असते आणि अंग गार पडलेल्याचेही. दोन्ही एकाच कपाटात आहेत म्हणून कोणी वैद्याला विसंगत म्हणत नाही.

तुमच्या जोडीत प्रश्न विचारायचा तो असा : चुकले तर परत फिरता येईल का? माफी मागायची आहे, आभाराचे पत्र लिहायचे आहे, नवी सवय सुरू करायची आहे. यात चुकून फारसे बिघडत नाही, पण लांबणीवर टाकले की इच्छाच आटते. तिथे ‘शुभस्य शीघ्रम्’. सही करायची आहे, नाते तोडायचे आहे, रागाच्या भरात लिहिलेला निरोप पाठवायचा आहे. हे मागे घेता येत नाही. तिथे दुसरी म्हण.

‘बळी तो कान पिळी’ आणि ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ यांचे भांडण तर मुळातच नाही. पहिली जग कसे चालते ते सांगते, दुसरी आपण कसे चालावे ते. वर्णन करणारी म्हण सल्ला म्हणून वापरली की अनर्थ होतो. ‘बळी तो कान पिळी’ म्हणत दुसऱ्याचा कान पिळणारा माणूस म्हणीचा आधार घेत नाही, तिच्यामागे लपतो. म्हण ऐकली की आधी एवढे ठरवा : ही ‘असे असते’ म्हणते आहे की ‘असे करा’?

प्रश्न : ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ याचा अर्थ काय? अपवाद निघाला की नियम मोडतो असेच मला शाळेत शिकवले होते.

शाळेत बरोबर शिकवले. ‘सगळे पक्षी उडतात’ या विधानाला शहामृग सिद्ध करत नाही, खोटे पाडतो.

हे वचन मुळात कायद्याच्या लॅटिन परिभाषेतले आहे आणि त्याचा दुसरा अर्धा भाग रोजच्या बोलण्यातून गळून गेला आहे. पूर्ण वचनाचा आशय असा : अपवाद सांगितला, की जे त्यात वगळलेले नाही त्याला नियम लागू आहे हे सिद्ध होते. फाटकावर पाटी आहे : ‘रविवारी प्रवेश विनामूल्य’. इतर दिवशी पैसे पडतात असे पाटीवर कुठेच लिहिलेले नाही, तरी तुम्हाला ते कळते. लेखी अपवादाने अलिखित नियम उघड केला. वचनाचे काम एवढेच. वादात कोणी आपल्या विधानाला छेद देणारे उदाहरण या वचनाने झटकून टाकू लागला, तर त्याला ही पाटी दाखवा.

अर्धे वचन पूर्ण वचनाला मारते याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे ‘मौनं सर्वार्थसाधनम्’. सभेत गप्प बसणारे हे सर्रास सांगतात. हा श्लोकाचा शेवटचा चरण आहे. आधीचे तीन असे : ‘आत्मनो मुखदोषेण बध्यन्ते शुकसारिकाः । बकास्तत्र न बध्यन्ते’. पोपट आणि मैना स्वतःच्याच तोंडामुळे पिंजऱ्यात अडकतात, बगळ्यांना कोणी धरत नाही. म्हणजे बोलका गुणच जिथे बेडी होतो तिथली ही गोष्ट आहे. अन्याय डोळ्यांसमोर घडत असताना गप्प राहण्याचा परवाना या श्लोकात कुठेही नाही.

प्रश्न : यमक जुळलेले वाक्य जास्त खरे का वाटते?

वाटते, आणि ते मोजूनही झाले आहे. मॅथ्यू मॅक्ग्लोन आणि जेसिका टोफिघबक्श या अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अपरिचित म्हणी दोन रूपांत लोकांना दाखवल्या, एक यमकाचे आणि एक त्याच अर्थाचे पण यमक मोडलेले. यमकाची रूपे लोकांना अधिक अचूक वाटली. मात्र ‘शब्दांचा डौल बाजूला ठेवून फक्त म्हणण्याकडे पाहा’ असे आधी सांगितले, की हा फरक कमी झाला.

यात उपाय दडलेला आहे. वाक्य पटले की त्याचे यमक मोडून ते पुन्हा म्हणा. ‘अति घाई संकटात नेई’चे ‘फार घाई केली तर माणूस अडचणीत येतो’ करा. अजून खरे वाटते? मग ठेवा.

पण यमकाला नुसती फसवणूक समजू नका. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण बोटांवर मोजून पाहा. ‘गरज’ तीन मात्रा, ‘सरो’ तीन, ‘वैद्य’ तीन, ‘मरो’ तीन. सहाला सहा, चार शब्द, फालतू अक्षर एक नाही. त्याहून मोठी करामत क्रियापदात आहे. ‘सरो’, ‘मरो’ ही इच्छा दाखवणारी रूपे आहेत. ‘गरज सरली की माणूस वैद्याला विसरतो’ असे बाहेरून वर्णन म्हण करत नाही. कृतघ्न माणसाच्या मनातली इच्छाच ती त्याच्या तोंडून वदवते, आणि ती ऐकून आपण दचकतो, कारण तो आवाज थोडा आपल्याही ओळखीचा असतो. यमक मोडले तर अर्थ उरेल, हा दचका उरणार नाही.

प्रश्न : मला स्वतः अशी वाक्ये लिहायची आहेत. एक पाठवतो आहे : ‘माणसाला जेव्हा आपली चूक कळते तेव्हा तो ती मान्य करण्याऐवजी बहुतेक वेळा आपण तसे का केले याची कारणे इतरांना सांगत बसतो.’ यात काय सुधारावे?

निरीक्षण चांगले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वाक्य एकवीस शब्दांचे आहे आणि त्यातला जीव फक्त दोन शब्दांत आहे : मान्य करणे आणि कारणे.

पहिली पायरी, नेमका शब्द. ‘कारण’ खरेही असू शकते. तुम्हाला म्हणायचे आहे ती ‘सबब’. हा एक शब्द बदलला की ‘मान्य करण्याऐवजी’ची गरज संपते, कारण सबबीत न मानणे आलेच. दुसरी पायरी, अमूर्ताला माप द्या. माफी केवढी? एका शब्दाएवढी. सबब? पानभर. आता मसुदा होतो : ‘माफी एका शब्दाची, सबब पानभर.’ वाईट नाही, पण थंड आहे. दोन वस्तू शेजारी ठेवल्यासारखा. तिसरी पायरी, दोन्ही भाग एकाच क्रियापदावर तोला : ‘माफीला शब्द पुरतो, सबबीला पान पुरत नाही.’

आता उलटे करून बघा : ‘सबबीला पान पुरत नाही, माफीला शब्द पुरतो.’ शब्द तेच, पण आता हा उपदेश झाला. पहिल्या क्रमात शेवटी माणसाची धडपड दिसते, दुसऱ्यात शिक्षकाचे बोट. वाक्याचा भार शेवटच्या शब्दावर पडतो. तिथे काय ठेवायचे ते ठरवूनच लिहा.

काटछाटीत एक धोका आहे. ‘बहुतेकदा’, ‘कधी कधी’ हे शब्द फालतू समजून उडवले जातात आणि वाक्य ठसकेबाज पण खोटे होते. ला रोशफुको हा फ्रेंच सूत्रकार या कलेतला उस्ताद. त्याचा संग्रह १६६५ साली निघाला आणि १६७८ पर्यंत पाच आवृत्त्यांतून तो वाक्ये घासत, गाळत, वाढवत राहिला. शेवटच्या आवृत्तीत ५०४ वाक्ये आहेत. तिच्या तोंडीच असलेले वाक्य सांगते की आपले सद्गुण म्हणजे बहुतेकदा वेष पालटलेले दुर्गुण असतात. त्यातला ‘बहुतेकदा’ काढला तर ती शिवी होईल. तुमच्या वाक्यात मी तो काढला, कारण सबबीबद्दलचे विधान त्याच्याशिवायही टिकते. दरवेळी टिकेलच असे नाही.

शेवटी पोकळपणाची चाचणी. वाक्यातली दोन मुख्य नामे अदलाबदल करा. ‘शांतता हेच खरे सामर्थ्य’ आणि ‘सामर्थ्य हीच खरी शांतता’. दोन्ही सारखीच गंभीर वाटतात ना? म्हणजे दोन्हींत काही नाही. ‘सबबीला शब्द पुरतो, माफीला पान पुरत नाही’ हे मात्र लगेच खटकते. तुमचे वाक्य पास.

प्रश्न : दुःखात असलेल्या माणसाशी बोलताना कोणती म्हण किंवा सुविचार वापरावा?

कोणताही नाही. ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने स्वतः म्हटले तर तो आधार. भेटायला आलेल्याने म्हटले तर दार बंद केल्यासारखे. म्हण हजारांच्या अनुभवावर बोलते, आणि त्या घडीला माणसाला आपले दुःख हजारांपैकी एक म्हणून मोजलेले नको असते. टोचणाऱ्या म्हणींचेही असेच. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ स्वतःबद्दल म्हणा, हवी तितकी म्हणा. समोरच्याला म्हणालात तर त्याला अंगणाबद्दलची खरी तक्रार असेल, तीही ऐकायची राहून जाईल.

प्रश्न : ऐकलेली चांगली वाक्ये वहीत उतरवतो, पण वर्षभराने वाचली की निर्जीव वाटतात. वही कशी ठेवावी?

वाक्य उतरवले आणि प्रसंग सोडला, म्हणून ती निर्जीव होतात. प्रत्येक वाक्याखाली तीन ओळी जास्त लिहा : कोण कोणाला म्हणाले, आधी काय घडले होते, ऐकणाऱ्याने काय उत्तर दिले. शब्द जसेच्या तसे उतरवा. व्याकरण दुरुस्त करू नका, बोलीतला हेल असेल तर तोही ठेवा. आठवणीने लिहिले असेल तर कडेला तशी खूण करा.

आणि एकच वही पुरत नाही. गॉटिंगेनला भौतिकशास्त्र शिकवणारा लिश्टेनबर्ग आयुष्यभर टिपणवह्या लिहीत असे. त्या त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७९९ नंतरच छापल्या गेल्या. पद्धत त्याने व्यापाऱ्यांकडून घेतली होती. दिवसभरात जे येईल ते आधी कच्च्या वहीत, तिथून निवडून रोजकीर्दीत, मग खतावणीत. तुम्हीही कच्ची वही खिशात ठेवा आणि महिन्यातून एकदा तीतली वाक्ये मोठ्याने वाचा. प्रसंगासकट जे अजून बोलते तेवढेच पक्क्या वहीत जाऊ द्या. बाकीची खोडू नका. पुढच्या वर्षी त्यांतली एकदोन अचानक कामाची निघतात.